धारेचं खातं

मराठीतले काही शब्द घरातल्या जुन्या गड्यासारखे असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, हाक मारली की 'ओ' देतात, पण 'बाबा रे, तू मूळचा कुठला?' असं त्यांना कधी कोणी विचारत नाही. 'धार' हा असाच एक शब्द. खेड्यात दिवस उजाडतो तो गाईची धार काढण्याने. ते दूध धारोष्ण. शहरात आमच्या नशिबी पिशवीतलं दूध, पण त्या पिशवीचा कोपरा कापायला कात्रीला धार लागतेच. मग गालावर दाढीच्या पात्याची धार, विळीला धार नाही म्हणून स्वयंपाकघरातून आलेली निर्वाणीची सूचना, वरणभातावर तुपाची धार (ती अलीकडे डॉक्टरांनी थेंबावर आणून ठेवली आहे), बाहेर पावसाची संततधार, त्यामुळे गाडीला उशीर आणि त्यामुळे साडेदहाला साहेबांनी धारेवर धरलेले आम्ही! रविवारी हवापालट म्हणून सह्याद्रीत जावं, तर तिथे डोंगरालाही धार असते आणि वाटाड्या सांगतो, "आता धारेनं चला, खाली बघू नका." शेतकरी सरकारात जो सारा भरायचा त्यालाही जुन्या दप्तरांत 'धारा' म्हणत, आणि कोकणात तो थेट भरणाऱ्याला 'धारेकरी'. म्हणजे माणूस जन्मभर कुठल्या ना कुठल्या धारेवरच उभा आहे म्हणायचा.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर. व्युत्पत्तिशास्त्राशी आमचा संबंध नाही. पण बँकेच्या काउंटरमागे बसून बसून एक सवय जडली आहे. एकाच नावाचे दोन खातेदार दिसले की आमचे कान टवकारतात. 'धार' या नावाने मराठीत अशी दोन खाती उघडलेली आहेत. एक वाहणारी धार आणि एक कापणारी धार. पहिल्या खात्यात दूध, तूप आणि पाऊस जमा. दुसऱ्यात तलवार, वस्तरा आणि विळी. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीतही दोघी शेजारी शेजारी नांदताहेत. त्याच्या किती तरी आधी संस्कृतातल्या 'धारा' या शब्दालाही दोन्ही अर्थ होतेच. तेव्हा ही काही कारकुनाची गफलत नव्हे. खाती जुनी आहेत.

आता वाहणारी आणि कापणारी यांचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणी विचारील. याचं उत्तर पंडितापेक्षा लोहार बरं देतो. पातं नुसतं ठोकून पातळ केलं म्हणजे त्याला धार येते असं नाही. ते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुचकळावं लागतं. चर्रर्र आवाज होतो, वाफ उसळते आणि पोलाद कडक होतं. इतकं कडक, की आपटलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून ते पुन्हा बेताबेताने तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. याला लोहार म्हणतो 'पाणी देणं'. ज्याला पाणी नीट बसलं ते हत्यार पाणीदार. माणसालाही आपण पाणीदार म्हणतो तो याच हिशेबाने. फक्त माणसाला आधी तापवायचं आणि मग थंड करायचं हे काम आमच्याकडे साहेब लोक करतात आणि त्यात बहुतेक वेळा दुसरा भाग राहून जातो.

दोन्ही खाती एकत्र आणणारा एक शब्द मात्र आपल्या पूर्वजांनी फार विचारपूर्वक घडवला असावा. तो म्हणजे 'धारातीर्थ'. रणात तलवारीच्या धारेने मरण येणं म्हणजे तीर्थाच्या धारेत स्नान करणं. इथे कापणारी आणि वाहणारी एकाच घाटावर येतात. उपनिषदकारांनाही या धारेची चांगली माहिती होती. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या अवघड वाटेला धारेचीच उपमा आहे, पण ती तलवारीच्या धारेची नाही, वस्तऱ्याच्या! सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाने १९४४ साली आपल्या कादंबरीचं नाव तिथूनच उचललं. उपनिषदकाराने तलवार सोडून वस्तराच का निवडला, यावर भाष्यकार काय म्हणतात ते आम्हांला ठाऊक नाही. आमचा आपला अंदाज असा, की ऋषी त्याच दिवशी हजामत करून आले असावेत.

ही झाली धार. आता जिला धार असते त्या वस्तूंकडे वळू. आपल्या स्वयंपाकघरातला एक खण उघडून पाहा. सुरी संस्कृतातल्या 'क्षुरिके'ची नात. कातर 'कर्तरी'ची. चाकू तुर्कांकडून फारसीच्या वाटेने आला. बाबांचा वस्तरा फारसीतल्या 'उस्तऱ्या'चा भाऊबंद. आजीचा अडकित्ता कानडी. ब्लेड इंग्रजी. असं हे पाच भाषांचं संमेलन एका खणात गुण्यागोविंदाने पडलेलं असतं, आणि ते कोणालाही न कापता सुखरूप पार पडतं. ही गोष्ट मोठमोठ्या संमेलनांना साधलेली नाही.

खणाची ही कथा, तर शिलेखान्याची काय सांगावी! मराठ्यांच्या तलवारींतला एक नामांकित प्रकार म्हणजे 'फिरंग'. नावातच सगळं आलं. पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर उतरले, त्यांच्याबरोबर युरोपात घडलेली लांब, सरळ पाती आली आणि ती इथल्या कारागिरांनी देशी मुठीत बसवली. पातं जर्मनीतल्या झोलिंगेनचं किंवा इटलीतलं, मूठ मराठी आणि मनगट मावळी. उलट दिशेलाही व्यापार चालूच होता. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून केलेलं पोलाद इराणपर्यंत आणि त्याहीपुढे जात होतं आणि त्याच्या तलवारी दमास्कसच्या नावाने जगभर गाजत होत्या. विजेच्या शोधांमुळे ज्यांचं नाव आपण शाळेत घोकलं त्या मायकेल फॅरडेसाहेबांनी १८१९ साली याच पोलादाचं पृथक्करण करून पाहिलं. फॅरडेंचे वडील लोहार होते. म्हणजे जिज्ञासा वडिलोपार्जित म्हणायची.

अशीच एक फिरंग एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, सेनासाहेब सुभा रघूजीराजे यांच्या नावाची. महाराष्ट्र सरकारने ती सत्तेचाळीस लाखांच्या घरात किंमत मोजून सोडवली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपियन घडणीचं आणि त्याच्यावर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत मालकाचं नाव. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४मध्ये, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली. ती मात्र तीन वर्षांच्या बोलीवर, म्हणजे आमच्या भाषेत मुदतीच्या कर्जावर. तारण नाही, जामीन नाही, आणि परत न्यायची तारीख आधीच ठरलेली! ही खरोखर अफझलखानाच्या वेळचीच का, असं कोणी विचारलं, तर खुद्द संग्रहालयानेच तशी हमी दिलेली नाही. असं प्रकरण आमच्या कर्जविभागात आलं असतं, तर त्याच्यावर सतरा शेरे पडले असते. महाराष्ट्राच्या गर्दीने मात्र एकही शेरा न मारता रांग लावली. काही कर्जं ही अशी भावनेवर मंजूर होतात.

धारेच्या गोष्टी सांगताना धार नावाच्या गावाला वगळणं बरं दिसणार नाही. माळव्यातली ही परमारांची धारानगरी, राजा भोजाची राजधानी. लोक या नावाचा संबंध तलवारीच्या धारेशी जोडतात; आणि गावात एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत, ते पाहिले की तो जोडावासाही वाटतो. पुढे अठराव्या शतकात तिथे मराठ्यांचे पवार राज्य करू लागले आणि आपला नि धारचा घरोबा झाला. या घरोब्यातच इतिहासाने एक थट्टा करून ठेवली आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं, म्हणजे 'ध'चा 'मा' केला, ही त्या प्रसंगाची दंतकथा मराठी माणूस आईच्या दुधाबरोबर पितो. खरंखोटं इतिहासकार जाणोत. आमचा आक्षेप निव्वळ तांत्रिक आहे. कागदावर खाडाखोड असेल तर पूर्वी तिथे काढणाऱ्याची पूर्ण सही लागायची. नाहीतर आमच्याकडे साधा पन्नास रुपयांचा चेकसुद्धा परत जायचा. महत्त्वाचा फेरफार केला तर तो कागदच बाद ठरवणारा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ साली आला. नारायणरावांना एकशे आठ वर्षं उशीर झाला!

तर या प्रकरणानंतर राघोबादादांना पुणं सोडून वणवण करावी लागली. गरोदर आनंदीबाईंना त्यांनी कुठे ठेवलं असेल? धारच्या किल्ल्यात. 'ध'चा 'मा' केल्याचा आळ जिच्यावर, तिला पुन्हा 'ध'च्याच आश्रयाला जावं लागलं. तिथे जानेवारी १७७५मध्ये त्यांना मुलगा झाला. तो म्हणजे दुसरा बाजीराव. जन्म धारेत, आजोबांचं नाव पहिला बाजीराव, आणि एवढं भांडवल असून ३ जून १८१८ रोजी त्याने माल्कमसाहेबाच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाख रुपयांचं पेन्शन घेतलं. पुढे गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहून १८५१पर्यंत ते उपभोगलं. साडेबत्तीस वर्षं! आमच्या हिशेबाने ही रक्कम दोन कोटी साठ लाखांपर्यंत जाते. आमचे पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला धापा टाकत येतात, तेव्हा आम्हांला हटकून बाजीरावसाहेबांची आठवण होते. कंपनी सरकारला त्यांच्या हयातीबद्दल दाखल्याची गरज नव्हती. हयात आहेत हेच तर सरकारचं दुखणं होतं.

गंमत बाजूला ठेवू. पण धारेचा स्वभाव या एका उदाहरणात नीट दिसतो. धार वारशाने मिळत नाही. तलवार मिळते, म्यान मिळतं, मुठीवरचं सोनं मिळतं. धार मात्र ज्याची त्याने, ज्या त्या वेळी लावून घ्यावी लागते. बी.कॉम.च्या वर्गात आम्हांला 'घसारा' शिकवला होता. वस्तू वापरली की झिजते आणि तेवढी तिची किंमत वहीत कमी करायची. धार ही जगातली अशी एकमेव मालमत्ता असावी, की वापरली तर घसारा, घासली तरी घसारा, आणि नुसती ठेवून दिली तर गंज. जुन्या घरातल्या विळीचं पातं पाहा. लग्नात आलेली पौर्णिमा नातवंडांपर्यंत चतुर्थीची कोर झालेली असते. ते पोलाद कुठे गेलं? थोडं भाजीत, बाकीचं पायरीच्या दगडावर. घरातली बाई अडीअडचणीला कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी चारदा ओढून वेळ मारून नेते. पण खरी धार लावायची तर माणूस लागतो.

आणि आम्हांला बोलायचं आहे ते या माणसाबद्दल. राजेरजवाड्यांच्या काळी शस्त्रांना धार लावणारा, गंज काढून त्यांना जिल्हई देणारा एक खास कारागीर असे. त्याचं नाव शिकलगार. हा शब्द अरबी 'सैकल' म्हणजे जिल्हई, त्याला फारसी प्रत्यय लागून झालेला. युद्धाच्या आदल्या रात्री सेनापतीला झोप लागत असेल, शिकलगाराला लागत नसणार. आपल्याला भवानी तलवारीचं नाव पाठ आहे. रघूजीराजांच्या फिरंगीवर मालकाचं नाव सोन्यात आहे. अनेक युरोपियन पात्यांवर घडवणाऱ्याची खूणही असते. पण त्या पात्याला ज्याने धार ठेवली, त्याचं नाव मुठीवर नाही, पात्यावर नाही, पोवाड्यातही नाही. त्याने केलेल्या कामाची खूण म्हणजे पात्यातून जे निघून गेलं ते. आता निघून गेलेल्या गोष्टीवर नाव कोरणार कसं?

पुढे इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि हिंदी माणसाच्या कमरेची तलवार परवान्याला टांगली. राजे लोकांचं त्यामुळे फारसं बिघडलं नाही. त्यांच्या तलवारी दसऱ्याला झेंडूचं फूल वाहून घेत भिंतीवर सुखाने राहिल्या. बिघडलं शिकलगाराचं. ज्या हातांनी तलवारी उजळल्या ते हात पोटासाठी कात्र्या, अडकित्ते आणि विळ्यांकडे वळले. शिकलगार आडनावाची घरं पश्चिम महाराष्ट्रात आजही आहेत; शीख शिकलगारही आहेत. स्वतंत्र हिंदुस्थानाने १९५९ साली नवा कायदा केला. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हे शस्त्र ठरतं, पण घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून आपल्या आज्या मांडी घालून ते भलंमोठं अर्धचंद्राकृती शस्त्र पायाखाली दाबून बसत, त्याला परवाना लागत नसे. ज्यांनी त्या विळीसमोर बसून उत्तरं दिली आहेत त्यांना या सवलतीबद्दल शंका येणं स्वाभाविक आहे.

कायद्याने अर्धं काम केलं, उरलेलं अर्धं एका फिरत्या विक्रेत्याने केलं. अमेरिकेत किंग जिलेट नावाचे गृहस्थ बाटलीच्या बुचांच्या कंपनीत होते. बूच एकदा काढलं की फेकायचं, म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे व्यापारातलं उपनिषद त्यांना तिथे उमगलं. मग धारच अशी का विकू नये? १९०३ साली, पहिल्या वर्षी, त्यांचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. एवढ्या विक्रीवर आमच्या बँकेने त्यांना दारात उभं केलं नसतं. पण ती कल्पना टिकली आणि जगातली पुरुषजात तिच्यावर पोसली गेली. हजारो वर्षं माणूस धार लावत होता. आता तो ती फेकू लागला. आपल्याकडे तरी बरं, आमच्या लहानपणी बाबांचं जुनं ब्लेड फेकलं जात नसे. त्याची रवानगी शिवण उसवायला आणि पेन्सिलीला टोक काढायला होई. तो ब्लेडचा निवृत्तीनंतरचा काळ, पेन्शनशिवाय.

एवढं होऊनही धारवाला संपलेला नाही. सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारायचं, पट्ट्यावर दगडी चाक गरगरायचं आणि ठिणग्यांचा फुलबाजा उडायचा. "चाकू-सुरी-कात्रीला धाऽऽर!" ही आरोळी अजून अधूनमधून गल्लीत येते. मध्यंतरी असाच एक धारवाला आमच्या शाखेत खातं उघडायला आला. फॉर्म भरताना 'व्यवसाय' हा रकाना आला. तो म्हणाला, "धार." संगणकाच्या यादीत नोकरी आहे, धंदा आहे, शेती आहे, गृहिणी आहे, विद्यार्थी आहे. धार नाही. यादीबाहेरचं काही लिहू म्हटलं तर संगणक पुढे सरकत नाही. सर्वांत खाली एक शब्द होता, 'इतर'. त्यावर बोट ठेवलं, तेव्हा गाडी हलली. शिलेखान्यापासून संगणकापर्यंत एवढा प्रवास करून गृहस्थ शेवटी 'इतर'मध्ये जमा झाला.

त्याला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष काउंटरला दोरीने बांधलेल्या आमच्या कात्रीकडे होतं. त्या कात्रीने आजवर फक्त गिऱ्हाइकांच्या सहनशक्तीची धार काढली आहे. त्याने ती उचलली, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि आजारी माणसाकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं. "साहेब, ही अशी ठेवतात होय?" दोरी सोडवून तो कात्री बाहेर घेऊन गेला. पाच मिनिटांनी कात्री परत आली ती कागदावर नुसती टेकवली तरी कागद वाट देऊ लागला. "तीस रुपये," तो म्हणाला. "उधार नाही. धारेला उधार चालत नाही."

बँकेचे तीस रुपये खर्ची टाकायचे म्हणजे व्हाउचर आलं. खातं 'किरकोळ खर्च'. तपशील 'कात्रीला धार'. रक्कम रुपये तीस फक्त. आणि खाली पैसे घेणाऱ्याचं नाव, सही, तारीख. त्याने सावकाश, एकेक अक्षर धारेवर धरावं तसं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट.

तेव्हा इतिहाससंशोधकांच्या माहितीसाठी नोंद करून ठेवतो, की एका धारवाल्याचं नाव, गाव आणि कामगिरी दप्तरी दाखल झालेली आहे. ते नाव आम्ही इथेही दिलं असतं. पण खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, असा बँकेचा दंडक आहे. आता उरला प्रश्न त्या व्हाउचरचा. ठरलेली मुदत संपली की जुनी व्हाउचरं कागद कातरायच्या यंत्रात घालतात. त्या यंत्राच्या पात्यांना वर्षानुवर्षं कोणी धार लावलेली नाही. त्यांना तेवढी कोणी लावू नये, एवढीच प्रार्थना आहे.